मोबिलिटी इन्स्ट्रक्टरांसाठी: आरसीआय रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर सीआरई पॉइंटचं आधी बघा

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज भागात जे अंध मुलांना आणि मोठ्या माणसांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच की आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांची नोंदणी करणारी केंद्रीय परिषद) रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली, सीआरई पॉइंट (कंटिन्युइंग रिहॅबिलिटेशन एज्युकेशन, म्हणजे काम करता करता केलेल्या प्रशिक्षणाचे गुण) कमी पडतायत, आता काय करू.

आधी पात्रतेचं. १९९२ च्या आरसीआय कायद्याखाली नोंदणी होणाऱ्यांत ओरिएंटेशन अँड मोबिलिटी स्पेशालिस्ट हा वेगळा वर्गच आहे, आणि दृष्टिबाधितांसाठीचं स्पेशल डीएड, बीएड केलेले शिक्षकही मोबिलिटी शिकवतात, त्यांनाही रजिस्ट्रेशन लागतंच. पण कोर्स आरसीआयची मान्यता असलेलाच पाहिजे. एखाद्या संस्थेत चार-आठ दिवसांचं ट्रेनिंग घेतलं, काम अगदी मनापासून करताय, तरी तेवढ्यावर नोंद होत नाही.

रजिस्ट्रेशन ५ वर्षांचं असतं आणि रिन्यू करायला तेवढ्या काळात १०० सीआरई पॉइंट लागतात. तीन दिवसांच्या कार्यक्रमाला साधारण १८ पॉइंट धरतात, म्हणजे असे पाच केले तरी ९०च होतात, सहावा करावाच लागतो, आणि शाळा-संसार सांभाळून एका वर्षात सहा कार्यक्रम कुणाला जमणार? दरवर्षी एक करत राहा आणि एखाद्या वर्षी दोन करा. पैसे भरायच्या आधी त्या कार्यक्रमाला आरसीआयची मंजुरी आहे ना ते आयोजकांना स्पष्ट विचारा, नुसतं सेमिनारचं सर्टिफिकेट इथं चालत नाही.

आणि निवडताना फक्त पॉइंट बघू नका ही माझी कळकळीची विनंती. ज्यात डोळ्यांवर पट्टी बांधून तुम्हाला स्वतःला रस्त्यावर चालवतात असा कार्यक्रम मिळाला तर तोच घ्या. डावा पाय पुढं तेव्हा काठीचं टोक उजवीकडं, उजवा पुढं तेव्हा डावीकडं, हे आपण रोज सांगतो, पण महाद्वार रोडला गर्दीत वेग कमी झाला की आपलाच ताल चुकतो. फुटपाथवर आडवी लावलेली गाडी असली तर काठी चाकाला लागेपर्यंत हँडल पोटात बसलेलं असतं, कारण कमरेच्या वरचं काठीला कळत नाही, तिथं दुसरा हात आडवा धरायची सवय लावावी लागते. त्यात आता बॅटरीवरच्या गाड्या आवाज न करता येतात, त्यामुळं कानावर भरवसा ठेवून रस्ता ओलांडायचं जुनं शिक्षण अपुरं पडतंय. आपण नवीन शिकलो नाही तर त्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

कागदपत्रं म्हणाल तर जुनं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, कोर्सचं सर्टिफिकेट आणि मार्कशीट, सगळी सीआरई सर्टिफिकेटं, आधार, फोटो, सही, हे सगळं स्कॅन करून तयार ठेवा. अर्ज आरसीआयच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, फी पण तिथंच, किती ते भरायच्या दिवशी पोर्टलवरच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी दोन्ही नावं जुळवणारा कागद, म्हणजे गॅझेट किंवा विवाह नोंदणीचा दाखला, सोबत ठेवावा. सीआरई सर्टिफिकेट हातात पडलं की तिथल्या तिथं नावाचं स्पेलिंग आणि सीआरआर नंबर (आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीतला तुमचा नंबर) तपासा, आयोजक समोर असतात तोवर दुरुस्ती पटकन होते.

मुदत संपायची वाट बघू नका, कारण रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस केली तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अर्ज सबमिट झाल्यावर पावती आणि अर्ज नंबर सेव्ह करा आणि एक प्रिंट शाळेच्या फाइलला लावून टाका.