आतषबाजीचे छायाचित्रण

आतषबाजीचे छायाचित्रण : रात्रीच्या आकाशात फुटणाऱ्या शोभेच्या दारूकामाचे रेखीव प्रकाशचित्र घेण्याची पद्धती. नेहमीच्या रात्रीच्या छायाचित्रणाहून ती एका बाबतीत मुळातच वेगळी आहे. दिवा, इमारत किंवा चंद्र जागेवर असतात. आतषबाजीतील प्रत्येक ठिणगी स्वतः प्रकाशते आणि स्वतःच पळते. चित्रात दिसते ती ठिणगी नसून तिची वाट असते. म्हणून ‘फोटो धूसर आला’ या एकाच तक्रारीमागे फोकस, हादरा, अतिप्रकाश आणि धूर अशी चार निरनिराळी कारणे असू शकतात. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पार्श्वभूमी : भारतात शोभेच्या दारूचा उगम केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. जर्मन प्राच्यविद्यापंडित गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० मध्ये शुक्रनीती या राजनीतीवरील संस्कृत ग्रंथातील अग्निचूर्णाच्या उल्लेखांवरून बंदुकीची दारू प्राचीन भारतात ज्ञात होती असे प्रतिपादन केले. ते उल्लेख बरेच उत्तरकालीन, बहुधा प्रक्षिप्त असावेत, असे पुढील अभ्यासकांपैकी अनेकांना वाटते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात १४०० नंतरचेच पुरावे ग्राह्य धरले. १४४३ मध्ये विजयनगरला आलेला राजदूत अब्दुर रझाक याने केलेले महानवमीचे वर्णन आणि एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातील लग्नसोहळ्याचे दारूकाम हे त्यांचे महत्त्वाचे आधार होत. गोडे यांची मांडणी अधिक सावध असून ती येथे स्वीकारली आहे.

छायाचित्रणाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की जुने दारूकाम सोरा, गंधक आणि कोळसा यांवर चाले व त्याचा उजेड मंद, तांबूस-सोनेरी असे. गडद रंग आले ते एकोणिसाव्या शतकात, पोटॅशियम क्लोरेट वापरात आल्यावर. तांबड्यासाठी स्ट्राँशियम, हिरव्यासाठी बेरियम, निळ्यासाठी तांबे आणि पिवळ्यासाठी सोडियम यांची संयुगे वापरतात; झळझळीत पांढरे मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमपासून आणि रुपेरी ठिणग्या टायटॅनियमपासून मिळतात. कोळशाची सोनेरी झुंबरे आणि टायटॅनियमचा रुपेरी वर्षाव यांच्या तेजात इतके अंतर आहे, की दोन्ही एकाच प्रकाशमापनावर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा याच्या एकाच जुळणीवर) नीट येत नाहीत.

रेषेचे प्रकाशमापन : येथेच बहुतेकांची गल्लत होते. शटर जास्त वेळ उघडे ठेवले म्हणजे चित्र जास्त उजळ होणार, हा नियम स्थिर वस्तूंना लागू पडतो. पळत्या ठिणगीला तो लागू पडत नाही. एक हिशेब पाहू. ३०० मीटरवर फुटलेल्या गोळ्यातील तारका (जळत उडणारा कण) आडवी, सेकंदाला ५० मीटर वेगाने उडते आहे आणि कॅमेऱ्याला ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग आहे असे धरले, तर संवेदकावर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) तिची प्रतिमा सेकंदाला सुमारे ८.३ मिमी. सरकते. ३६ मिमी. रुंदीच्या, २४ मेगापिक्सेलच्या संवेदकावर एका पिक्सेलची रुंदी ६ मायक्रॉन असते. ती प्रतिमा एक पिक्सेल ओलांडते साधारण १/१४०० सेकंदात. शटर ४ सेकंद उघडे असले तरी त्या पिक्सेलला तारकेचा उजेड मिळतो तो एवढाच.

यावरून दोन गोष्टी ठरतात. रेषेचे तेज भिंगातील छिद्र (ॲपर्चर) आणि आयएसओ (संवेदकाची प्रकाशग्राहकता) यांवर अवलंबून असते. शटरच्या वेळेवर किती रेषा येतील, त्या किती लांब येतील आणि खालच्या इमारती किती उजळतील, एवढेच अवलंबून असते. वेळ दोनाची चार सेकंद केल्याने रेषा उजळत नाही, रेषांची गर्दी वाढते. हवेच्या अवरोधाने तारका मंदावते, तेव्हा तीच प्रतिमा एका पिक्सेलवर जास्त वेळ रेंगाळते. रेषेचे टोक कधीकधी मुळापेक्षा जाड दिसते, ते यामुळे.

छिद्राचे मान ‘एफ’ने सांगतात; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. आयएसओ १०० धरून रंगीत गोळ्यांना एफ/११, पांढऱ्या व रुपेरी कामाला एफ/१६ आणि कोळशाच्या सोनेरी झुंबरांना एफ/८ ही माने साधारणपणे योग्य ठरतात. आयएसओ २०० घेतल्यास छिद्र एक पायरी (उजेड निम्मा होईल इतके) लहान करावे. एफ/२२ टाळावे. एफ/११ ला विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बिंदूचे वर्तुळ सुमारे १५ मायक्रॉन होते, एफ/१६ ला २१ आणि एफ/२२ ला जवळजवळ ३०, म्हणजे पाच पिक्सेल. फोकस बिनचूक असूनही रेषा मऊ पडते. उजेड फारच असेल तर एफ/११ ठेवून दोन पायऱ्यांचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावणे बरे. एरवी भिंगावरचा संरक्षक फिल्टर काढून ठेवावा, कारण काळ्या आकाशात त्याचे परावर्तित ठिपके उठून दिसतात.

फोकस : स्वयंचलित फोकस बंद करणे अनिवार्य. काळ्या आकाशात त्याला पकडायला काही सापडत नाही, तो मागेपुढे भटकत राहतो आणि तेवढ्यात गोळा विझतो. फोकस नेमका कुठे ठेवावा याविषयी दोन मते आहेत. एक मत अतिकेंद्रीय अंतराचे : २४ मिमी. भिंग एफ/८ वर २.४ मीटरवर फोकस केले, की १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट. हे गणित ०.०३ मिमी.चे धूसरवर्तुळ (बिंदूऐवजी उमटणारा ठिपका) ग्राह्य धरते. ते मान लहान छापील प्रतींसाठी पुरेसे होते. वर हिशेबात घेतलेल्या २४ मेगापिक्सेलच्या संवेदकावर तेवढे वर्तुळ पाच पिक्सेल व्यापते आणि ते नेमके अनंतावरच, जिथे आतषबाजी असते. तेव्हा पुढचा कठडा किंवा माणसे स्पष्ट हवी नसतील, तर प्रत्यक्ष अंतरावर फोकस करण्याचे दुसरे मत स्वीकारावे.

त्यासाठी अंधार पडल्यावर, कार्यक्रमाआधी, साधारण तेवढ्याच अंतरावरचा रस्त्याचा दिवा पडद्यावर दहापट मोठा करून पाहावा आणि त्याचा ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत फोकसचे कडे हळूहळू फिरवावे. कडे शेवटपर्यंत फिरवून थांबू नये. बहुतेक भिंगांचे कडे अनंताच्या खुणेपलीकडेही जाते. ठिपका बारीक झाला, की कड्यावर चिकटपट्टी लावावी. झूम बदलले तर हे सारे पुन्हा करावे लागते.

मांडणी व क्रम : तिपाई भक्कम हवी, मधला दांडा वर काढू नये. भिंगातील कंपनरोधक बंद करावा, कारण काही भिंगांत तो तिपाईवर स्वतःच हालचाल निर्माण करतो. दीर्घ प्रकाशनातील नॉइज (चित्रातील दाणेदार ठिपके) कमी करण्याची सोयही बंद ठेवावी. ती चालू असेल तर ४ सेकंदांच्या चित्रानंतर कॅमेरा आणखी ४ सेकंद अडकून पडतो. शटर ‘बल्ब’वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते) ठेवून केबलने किंवा रिमोटने चालवावे. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात चित्रण केल्यास पांढरा समतोल (चित्राची एकूण रंगछटा) नंतर ठरवता येतो.

शटर उघडायचे ते वर जाणारी शेपटी दिसताच. आवाजावर विसंबू नये : ३४० मीटरवरून तो सेकंदभर उशिरा पोहोचतो. शेवटची तारका विझेपर्यंत, साधारण ४ ते ६ सेकंद, उघडे ठेवून बंद करावे. अखेरच्या भडिमारात १ ते २ सेकंद पुरतात. एका चित्रात दोनतीन फुले हवी असतील तर मधल्या काळात भिंगापुढे, त्याला न टेकवता, काळा पुठ्ठा धरावा.

जागा वाऱ्याच्या बाजूची निवडावी. वारा पाठीमागून थोडा तिरका असावा. सरळ पाठीमागून असल्यास धूर फुलांच्या मागेच साचतो व पुढच्या स्फोटाने उजळतो. सर्वांत स्वच्छ चित्रे पहिल्या काही मिनिटांतच मिळतात, म्हणून मापन जुळवण्यात ती घालवू नयेत. दिवाळीच्या सुमारास दव पडते. भिंगाची काच मधूनमधून तपासावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. घराघरांतून उडणाऱ्या बाणांचा नेम नसतो. शहराचा विस्तृत देखावा घेऊन वाट पाहणे हाच तेथे मार्ग.

दोषांची ओळख : सर्व रेषा एकाच जागी सारख्याच वाकड्या झाल्या असतील तर तिपाई हलली. एकच रेषा नागमोडी असेल, तर ती तारकेचीच गती होय, दोष नव्हे. रेषा आणि दूरचे दिवे सारखेच जाड व मऊ असतील तर फोकस चुकला. दिवे रेखीव, पण रेषांचा गाभा पांढरा आणि रंग फक्त कडेला उरलेला, तर छिद्र मोठे होते. तांबड्या फुलांत हे फसवे असते : लाल वाहिनी (चित्रातील तांबड्या उजेडाची नोंद) आधी भरते व एकत्रित आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसत असतानाही तांबडा रंग नारिंगी किंवा गुलाबी होतो. लाल वाहिनीचा आलेख वेगळा पाहावा.

जमिनीवरचे दारूकाम : सांगली जिल्ह्यातील कवठे एकंद (ता. तासगाव) येथे दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे होणाऱ्या आतषबाजीसारख्या प्रसंगी अंतर अवघे काही मीटर असते. तेथे अनंत फोकस निरुपयोगी. जाळ जिथे उठणार त्या जागी उभ्या माणसावर आधी फोकस करून घ्यावा. भुईनळ्याच्या तोंडाशी जाळ एकाच जागी राहतो, त्यामुळे स्थिर वस्तूचा नियम तिथे परत लागू होतो आणि दीर्घ वेळेत बुंधा पांढराफटक पडतो. अर्धा ते एक सेकंद पुरे. फुलबाजीतील लोखंडाच्या ठिणग्यांना शेवटी फुटणारे बारीक फाटे टिपायचे तर १/६० सेकंदापर्यंत खाली यावे.

मोबाइल : बहुतेक मोबाइलचे छिद्र एफ/१.८ च्या आसपास असून ते बदलता येत नाही, आणि रेषेचे तेज तर छिद्र व आयएसओ यांवरच ठरते. म्हणून आयएसओ उपलब्ध असेल तितके कमी, ५० किंवा १००, आणि फोकस हाताने अनंतावर ठेवावा. रात्रीसाठीची स्वयंचलित सोय बंद करावी. ती अनेक लहान चित्रे जोडते आणि रेषा तुटक येतात.