दाताच्या मुळाशी पोहोचणारे ठोके

आमच्या रामबागेतल्या शेजारणीच्या मुलीला तारा लागून दीड वर्ष झालंय. परवा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, पुढच्या दोन दातांची मुळं जरा आखूड झालीत, थोडे दिवस ओढ थांबवू. आई घाबरून माझ्याकडे आली. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे, म्हणून अशा गोष्टी माझ्याकडे येतात. "ताई, दात पडतील का हो?"

पडत नाहीत. तारेच्या ओढीनं दात हाडातून सरकतो, तेव्हा पुढचं हाड झिजतं आणि मागं नवं भरतं. हाड झिजवणाऱ्या पेशींसारख्याच पेशी कधी मुळावरचं सिमेंटम, म्हणजे मुळाचं कठीण आवरणही कुरतडतात. बहुतेकांत हे किरकोळ असतं, ओढ थांबली की तेही थांबतं.

पण कुरतडलेलं भरून काढता येईल का? 2004 साली 12 रुग्णांवरचा एक छोटा, सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. काढायच्याच होत्या अशा उपदाढा, म्हणजे सुळ्यामागचे दात, तारेनं ओढल्या. एका बाजूला रोज 20 मिनिटं, 4 आठवडे, मंद अल्ट्रासाऊंड, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा मारा, दिला. दुसरी बाजू तशीच ठेवली. मग त्या काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. अल्ट्रासाऊंड मिळालेल्या मुळांवर खड्डे कमी होते.

"म्हणजे दात साफ करायचं ते मशीन?" शेजारीण म्हणाली. नाही. स्केलिंगचं टोक सेकंदाला 25-30 हजार वेळा थरथरून किटण फोडतं. इथली कंपनं सेकंदाला 15 लाख, आणि ताकद चौरस सेंटिमीटरला जेमतेम 30 मिलिवॅट. फिजिओथेरपीत एक वॅटसुद्धा नेहमीचा. शिवाय लहरी सलग जात नाहीत. दर मिलिसेकंदात 200 मायक्रोसेकंद लहर, उरलेला वेळ शांतता. 20 मिनिटांत असे 12 लाख ठोके बसतात, पण ऊब म्हणावी अशी साठतच नाही.

मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं. इथे काम उष्णतेचं नसून स्पर्शाचं आहे. पेशीच्या आवरणात इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. बाहेरचा ताण ती आत पोहोचवतात. प्रयोगशाळेत हे ठोके दिलेल्या हाडाच्या पेशींत प्रोस्टाग्लँडिन ई2 नावाचं, पेशींना संदेश देणारं रसायन वाढलेलं दिसतं, जसं चालण्या-चावण्याच्या दाबानंही वाढतं. पेशीला बहुधा वाटतं, वापर सुरू आहे, बांधकाम चालू ठेवा.

तरी सावध राहायला हवं. मोडलेल्या हाडासाठी असं यंत्र अमेरिकेत 1994 सालीच मंजूर झालं, रुग्णांनी घरच्या घरी वापरलंही. मग 2016 मध्ये नडगीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या 501 रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: खरं यंत्र आणि बंद यंत्र, फरक शून्य. बारा जणांच्या उपदाढांवरून सगळ्यांच्या दातांचं भविष्य सांगणं मला पटत नाही.

म्हणून शेजारणीला म्हटलं, मशीन शोधत फिरू नकोस, डॉक्टर थांबा म्हणाले तेवढं थांब. पुढचा एक्स-रे तीन महिन्यांनी आहे. मुलीला मात्र ते 12 लाख ठोके फार आवडले; वहीत गुणाकार करून तिनं आकडा स्वतः तपासून घेतला.