प्लेअर बदलला की आवाज बदलतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गाणं तेच, इअरफोन तेच, तरी 'माझ्या प्लेअरवर जास्त मोकळं वाजतं' असं शपथेवर सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याला वेड्यात काढण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा वाद सुरू झाला तेव्हा त्याच्यासारख्यांचंच बरोबर होतं.

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये पहिला वॉकमन विकायला काढला. मॉडेल टीपीएस-एल२, किंमत ३३,००० येन. आत फारसं नवीन काही नव्हतं. पत्रकारांसाठीच्या 'प्रेसमन' या छोट्या टेपरेकॉर्डरमधली रेकॉर्डिंगची सोय काढून तिथे स्टिरिओचं सर्किट बसवलं होतं. खरी करामत सोबतच्या हेडफोनची होती. तोवरचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असायचे, हा जेमतेम ५० ग्रॅमचा. खिशातल्या संगीतात निम्मं काम कानावरच्या वस्तूचं असतं हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पुढची चाळीस वर्षं लोक भांडले ते मात्र खिशातल्या डबीवरून.

डबीत तेव्हा भांडण्यासारखं होतंही. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट मुळात बोलणं टिपून घेण्यासाठी होती. तिची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, आणि ती सरकवायला एक मोटर, रबरी पट्टा आणि रबरी रोलर. यातलं काहीही जरा सैल झालं की वेग हलतो. ढोलकीच्या गाण्यात ते कळत नाही. ख्यालाची कॅसेट लावा, तानपुरा लगेच चुगली करतो. षड्ज एका जागी उभाच राहत नाही, पाण्यातल्या सावलीसारखा डुलतो. सेल उतरत आले की सगळी पट्टीच खाली यायची. वेग सहा टक्क्यांनी घटला की काळी एकमध्ये बसलेला गवई पांढरी एकमध्ये गाऊ लागतो!

आणि हेड, म्हणजे टेपला टेकून तिच्यावरचा आवाज वाचणारा भाग. एका डेकवर भरलेली कॅसेट दुसऱ्या प्लेअरवर गोधडीखालून गायल्यासारखी वाजायची, कारण दोन्हींची हेडं एकमेकांच्या तुलनेत केसभर तिरकी. आमच्या घरी घड्याळजीकडचा बारीक स्क्रूड्रायव्हर याच कामासाठी ठेवलेला होता. कॅसेट चालू ठेवून हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव वळसा फिरवायचा, की दबलेली झांज एकदम उघडायची. डॉल्बीचं बटणही बहुतेक जण बंदच ठेवत. डॉल्बी बी रेकॉर्ड करताना हलक्या वरच्या सुरांना उचलतं आणि वाजवताना खाली आणतं, त्याबरोबर टेपची खरखरही दबते. पण हेड तिरकं असलं तर ते सूर आधीच मेलेले असतात, डॉल्बी त्यांना आणखी दाबतं. हे सगळं नीट असलेला वॉकमनही मिळायचा. १९८४ चा डब्ल्यूएम-डी६सी क्वार्ट्झच्या स्फटिकावर वेग सांभाळायचा आणि वेगातली थरथर ०.०४ टक्क्यांवर ठेवायचा. तो आणि साधा वॉकमन यांतला फरक आजीलाही ऐकू आला असता.

सीडीने हा सगळा खेळ मोडला. १९८४ मध्ये सोनीचा डी-५० हा खिशात नाही तरी हातात मावणारा प्लेअर आला. सीडीवरून वाचलेले आकडे आधी मेमरीत जातात आणि तिथून स्फटिकाच्या ठोक्यावर बाहेर येतात, म्हणून तबकडी कशीही फिरो, तानपुरा डुलत नाही. एमपी३ ने वाद प्लेअरवरून फाइलवर नेला. सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, सुरुवातीच्या फाइली १२८ मध्ये उरकायच्या. १९९८ च्या रिओ पीएमपी३०० या एमपी३ प्लेअरची मेमरी ३२ मेगाबाइट, म्हणजे अर्ध्या तासाच्या गाण्यांची. गाणी त्याहून जास्त भरायची तर दर्जा आणखी कापायचा. खराब वाजलं की शिव्या मात्र प्लेअरला.

आयपॉडच्या काळात (पहिला २००१ चा) एक खरा दोष होता, आणि त्याला मोजता येण्याजोगं कारण होतं. प्लेअरमधला अॅम्प्लिफायर आणि हेडफोन यांच्या मध्ये एक कपॅसिटर बसवतात, म्हणजे नको तो डीसी प्रवाह कानाकडे जात नाही. पण कपॅसिटर लहान आणि हेडफोनचा रोध कमी असला की खर्ज त्याच्यातच अडकतो. १०० मायक्रोफॅरड आणि १६ ओहम धरले तर साधारण १०० हर्ट्झपासून खाली आवाज उतरायला लागतो. डग्ग्याची घुमक नेमकी तिथेच असते. २००५ च्या सगळ्यात स्वस्त आयपॉडमध्ये, म्हणजे शफलमध्ये, असा कपॅसिटर नव्हता, त्यामुळे बेसच्या बाबतीत तो महागड्या भावंडांना भारी पडायचा. लोक मात्र चर्चा करत बसले, आकड्यांचा आवाज करणारी चिप वुल्फसन कंपनीची गोड की सिरस लॉजिकची.

चिपच्या गोडव्याची परीक्षा घेणं अवघड नाही. कोणतं यंत्र वाजतंय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि दोन्हींची पातळी व्होल्टमीटरने सारखी करायची. दुसरी अट जास्त महत्त्वाची. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. २००७ मध्ये मायर आणि मोरान या दोघांनी अशाच चाचणीत सीडीहून वरच्या दर्जाचं संगीत सरळ आणि सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवलं आणि कोणतं कुठलं ते ओळखायला सांगितलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

बाजारावर त्याचा परिणाम शून्य. २०१४ मध्ये गायक नील यंग यांच्या ३९९ डॉलरच्या 'पोनो' या प्लेअरसाठी लोकांनी ६२ लाख डॉलर आगाऊ दिले. २०१६ मध्ये सोनीने तांब्याच्या देहाला सोन्याचा मुलामा दिलेला, ४५५ ग्रॅमचा वॉकमन सुमारे ३,२०० डॉलरला आणला. त्याआधी 'प्रीमियम साउंड'साठी वेगळं मेमरी कार्डसुद्धा विकून झालं होतं. यावर काय बोलणार!

खरा फरक आजही एका ठिकाणी सापडतो. काही इअरफोनमध्ये नेहमीच्या पडद्याऐवजी 'बॅलन्स्ड आर्मेचर' नावाचं बारीक यंत्र आवाज काढतं. त्यांचा रोध सुरागणिक बदलतो, समजा कुठे ८ ओहम, कुठे ४०. प्लेअरचा स्वतःचा रोध १० ओहम असला तर या दोन ठिकाणच्या आवाजात पाच डेसिबलचा उंचसखलपणा येतो, १ ओहम असला तर एकाहून कमी. अशा इअरफोनचा मालक 'या प्लेअरवर वेगळं वाजतं' म्हणाला तर त्याचं ऐकावं.

दुसरा फरक कायद्याने केलेला आहे. फ्रान्समध्ये प्लेअरच्या आवाजाला १०० डेसिबलची मर्यादा असल्याने २००२ मध्ये तिथे आयपॉडची विक्री काही काळ थांबली आणि आवाज दाबणारं सॉफ्टवेअर घालून पुन्हा सुरू झाली. फोनमधून हेडफोनचा जॅक गेल्यावर अॅपलने ९ डॉलरचा डोंगल, म्हणजे फोनला साधा हेडफोन जोडून देणारा छोटा जोड, आणला. मोजमापात तो अनेक महागड्या प्लेअरच्या तोडीस तोड उतरतो. यूएसबी-सीच्या या डोंगलचेही दोन प्रकार आहेत. अमेरिकेतला जास्तीत जास्त एक व्होल्ट देतो, युरोपातला अर्धा. दोन्ही शेजारी ठेवून, आवाजाचं बटण न हलवता ऐकवले, तर अमेरिकेतल्याचा आवाज 'मोकळा' आहे असं तो शपथेवाला मित्र नक्की सांगेल.