गीझरचा खडखडाट आणि फुटण्याची भीती

‘गीझर खडखडू लागला की तो फुटणार’, हा संदेश थंडी पडताच ग्वाल्हेरच्या मराठी घरांत फिरू लागतो. आवाज खरा असतो. निष्कर्ष मात्र बरोबर नाही. बोअरिंगच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर कॉइलवर साचतात, त्या थराखाली अडकलेले पाणी उकळते आणि वाफेचे बुडबुडे भोवतालच्या थंड पाण्यात विरताना खडखड ऐकू येते. खात्री करायची असल्यास मिस्त्रीने काढलेल्या पांढऱ्या खपलीवर लिंबू पिळावे. फेस आला तर तो चुन्याचाच थर. कॉइल साफ केल्यावर आवाज बहुधा थांबतो. स्फोटाचा खरा धोका थर्मोस्टॅटसह (पाणी पुरेसे तापताच वीज तोडणारा भाग) सेफ्टी व्हॉल्व्हही (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) निकामी झाल्यास असतो, म्हणून मुकाट चालणाऱ्या गीझरचाही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.