जर्नल क्लब सुरू झाला तो पैशांच्या अडचणीतून

एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला जेसी, म्हणजे जर्नल क्लब माहितीये, मेडिकल जर्नलमधला एखादा संशोधनाचा पेपर घेऊन त्यावर एकत्र बसून चर्चा करायची, लॉगबुकात त्याची नोंद लागते, गाईडची सही लागते, पण ही पद्धत आली कुठून आणि मुळात कशासाठी हे सहसा कुणी सांगत नाही, आणि ते कळलं ना तर आजचे बरेचसे जेसी रटाळ का होतात हेही कळतं.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमधले जेम्स पॅजेट, म्हणजे ज्यांच्या नावाचा हाडांचा आजार आपण शिकतो तेच, त्यांनी आपल्या आठवणींत एका छोट्या खोलीबद्दल लिहिलंय. हॉस्पिटलच्या गेटजवळ एक बेकरी होती, तिच्या वरची खोली. तिथे काही जण बसून जर्नल्स वाचायचे, संध्याकाळी काही जण पत्तेही खेळायचे. काळ साधारण १८३५ ते १८५४ मधला. पुढे १८७५ मध्ये कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लरनी रीतसर जर्नल क्लब काढला, तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते. कारण अगदी साधं होतं, जर्नल्स महाग, एकट्याच्या खिशाला झेपणारी नव्हती, मग वर्गणी काढून मागवायची आणि आळीपाळीने वाचायची. म्हणजे वाचायला मिळणं हाच तेव्हाचा खरा प्रश्न होता.

शंभर वर्षांनी प्रश्न उलटा झाला. लायब्ररीत जर्नल्सचे ढीग, रँडमाइज्ड ट्रायल्स (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले प्रयोग) वाढलेल्या, आणि यातलं खरं किती मानायचं ते डॉक्टरला कुणी शिकवलेलंच नाही. कॅनडातच, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या टीमने हे हातात घेतलं, १९८१ मध्ये त्यांची जर्नल कसं वाचावं यावरची लेखमाला कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आली. तिथलेच गॉर्डन गायट, त्यांनी १९९१ मध्ये ‘एव्हिडन्स बेस्ड मेडिसिन’ (पुरावा पारखून उपचार ठरवणं) हा शब्द छापात आणला. तेव्हापासून जेसीचं काम बदललं: पेपरमध्ये काय लिहिलंय ते सांगणं पुरेसं नाही, तो पेपर तपासायचा.

आता खरी गंमत पुढे आहे. जेसीने नक्की काय साधतं हे बघायला १९८८ मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये चक्क एक रँडमाइज्ड ट्रायल आली, मार्क लिंझर आणि सहकाऱ्यांची, इंटर्न्सवर केलेली. जेसी ग्रुपमधल्यांची वाचनाची सवय सुधारली, ज्ञानही वाढलं, पण पेपर पारखायची क्षमता? त्यात फरक दिसला नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण नेमकं धरून चालतो की नुसतं दर आठवड्याला बसलं की ती नजर आपोआप येईल.

आणि आपल्याकडे होतं काय, जेआर वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरला, आदल्या रात्री पेपर मिळतो, नाइट ड्युटी सांभाळत तो अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, स्लाइडवर चिकटवतो, सकाळी पी व्हॅल्यू हा संख्याशास्त्रातला आकडा वाचून दाखवतो, शेवटी सर दोन शब्द बोलतात आणि सगळे राउंडला पळतात. हा ऑस्लरच्या काळातला जेसी झाला, फक्त पेपर आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे! यात जेआर वनचा काहीच दोष नाही, मेथड्समध्ये, म्हणजे अभ्यास कसा केला त्या भागात, खोट कशी शोधायची ते त्याला कुणी शेजारी बसून दाखवलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या मेडिसिन रेसिडेन्सींचा एक सर्व्हे १९९५ मध्ये आला होता, कुठले जेसी टिकतात आणि कुठे हजेरी चांगली असते याचा, त्यात सक्तीची हजेरी आणि खायची सोय यासोबत आणखी एक गोष्ट निघाली, ती म्हणजे जेसी फॅकल्टीच्या हातात नसून रेसिडेंट्सचा स्वतःचा असणं. खाण्यापिण्याचं आपण लगेच उचलू, पण एचओडींसमोर, म्हणजे विभागप्रमुखांसमोर, जेआरने ‘सर, मला हा कंट्रोल ग्रुप पटत नाही’ (तुलनेसाठी घेतलेला गट) म्हणणं आपल्या डिपार्टमेंट्समध्ये अजून अवघड आहे, आणि माझ्या मते घोडं तिथेच अडतं. म्हणून २०१४ मध्ये ट्विटरवर सुरू झालेला किडनीच्या डॉक्टरांचा नेफजेसी मला मोलाचा वाटतो, तिथे खुर्च्यांची उतरंड नाही, कधीकधी पेपरचे लेखक स्वतः चर्चेत असतात, आणि कुठल्याही गावातला जेआर त्यांना थेट विचारू शकतो की आमच्या वॉर्डातल्यासारखे पेशंट तुम्ही ट्रायलमधून वगळले का.