वीस टक्के वाढ आणि वीस टक्के घट यांची फिटंफाट होते का?

आंब्याच्या हंगामात कोकणात एक हिशेब हमखास पुढे पाठवला जातो: पेटीचा भाव 20 टक्क्यांनी वाढवला आणि खप 20 टक्क्यांनीच घटला, तर एकूण विक्री तेवढीच राहते. दोन्ही आकडे सारखे असल्याने हे पटते. परंतु ते खरे नाही.

समजा, रत्नागिरीतील एखाद्या बागायतदाराने हजार रुपये भावाने हापूसच्या 50 पेट्या विकल्या, तर विक्री 50,000 रुपये होते. भाव 1,200 झाला आणि पेट्या 40 खपल्या, तर विक्री 48,000 रुपये भरते. कारण जुन्या भावाच्या दहा पेट्या गेल्याने 10,000 रुपये गेले, आणि वाढीव 200 रुपये मात्र उरलेल्या चाळीस पेट्यांवरच, म्हणजे 8,000 रुपये, मिळाले. (न खपलेल्या पेट्यांतील फळ पिकून वाया गेले, तर तो तोटा निराळा.)

बीजगणितात भाव क आणि पेट्या प मानल्यास नवी विक्री 1.2क × 0.8प = 0.96कप, म्हणजे चार टक्के कमी. भाव उतरवून खप तितकाच वाढला, तरी हेच उत्तर येते.

विक्री मूळ पातळीवर राहण्यासाठी 50,000 ला 1,200 ने भागून पाहावे: उत्तर सुमारे 41.67 येते. म्हणजे 42 पेट्या खपल्या तर 50,400 रुपये, 41 खपल्या तर 49,200.