मेमरी एका रेषेत, मग ओळी-कॉलम आले कुठून? टू-डी व्ह्यूची पार्श्वभूमी

सोलापुरात जकार्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी पोरं हमखास विचारतात, की अख्ख्या चादरीच्या डिझाइनमधनं एकच बुट्टी घ्यायची तर दरवेळी कॉपी कशाला मारायची, आणि कॉपी नको तर ते 'व्ह्यू' म्हणतात ते नक्की असतं काय. याचं उत्तर नुसती लायब्ररी शिकून मिळत नाही, थोडं मागं जावंच लागतं.

मेमरीला ओळ-कॉलम काही कळत नाही, ती शून्यापासनं पुढं नंबर पडलेली एक लांब पट्टी असते. जकार्डची पंच कार्डांची माळ बघितली असेल तर हे लगेच पटेल, एका कार्डावर एका आडव्या धाग्याची भोकं, कार्डाला कार्ड जोडलेलं, माळ सरकेल तशी मागावर एकेक ओळ उतरते, म्हणजे नक्षी दोन दिशांची पण माळ एकाच दिशेची. जकार्डचा माग १८०४ चा, तेव्हापासनं हे असंच चाललंय.

आता आकडे घेऊ. समजा डिझाइन १२०० उभे धागे रुंद आणि ८०० ओळी उंच आहे, दर बिंदूला एक बाइट, म्हणजे एकूण ९,६०,००० बाइट. बुट्टी सुरू होते ३०० व्या ओळीत, ५०० व्या कॉलमला (मोजणी शून्यापासनं), रुंदी ८०, उंची ६०. तिचा पहिला बाइट कुठं? ३०० गुणिले १२०० अधिक ५००, म्हणजे ३,६०,५०० वर. पुढची ओळ तिथनं बरोबर १२०० बाइट पुढं, ८० नाही. हा १२०० म्हणजे स्ट्राइड. सुरुवातीचा पत्ता, रुंदी, उंची आणि स्ट्राइड, एवढे चार आकडे जवळ ठेवले की झाला व्ह्यू, ४८०० बाइट हलवायची गरजच नाही, आणि व्ह्यूमधनं रंग बदलला तर मूळ चादरीतच बदलतो. माझं ठाम मत आहे की या सगळ्या इतिहासात खरी मोठी गोष्ट एकच झाली, स्ट्राइडला रुंदीपासनं वेगळं काढलं.

पण ते एका दिवसात झालं नाही. १९५७ ला आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, तिच्यात ॲरे तीन डायमेन्शनपर्यंत चालायचे आणि मेमरीत कॉलमनुसार मांडले जायचे. अल्गोल ६० या भाषेच्या कंपायलरवाल्यांनी ॲरेची माहिती डेटापासनं वेगळी एका छोट्या तक्त्यात ठेवली, त्याला डोप व्हेक्टर म्हणायचे. त्याच सुमारास दुसरी वाट निघाली ती इलिफ व्हेक्टरची, प्रत्येक ओळ कुठंही असू दे, ओळींच्या पॉइंटरचा वेगळा ॲरे ठेवायचा, जावाचे टू-डी ॲरे अजून याच वाटेनं जातात, सोपी वाट आहे पण ओळी मेमरीत विखुरतात आणि कॅशचे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद मेमरीचे, हाल होतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते १९७० चं काम, फिलिप अब्राम्सचा स्टॅनफर्डचा एपीएल (ॲरेसाठीची एक भाषा) मशीनवरचा प्रबंध. ट्रान्सपोज (ओळींचे कॉलम, कॉलमच्या ओळी) करायचंय, उलटं करायचंय, तुकडा घ्यायचाय, तर डेटाला हातच लावायचा नाही, फक्त वर्णनातले आकडे बदलायचे, हे त्यानं तेव्हाच मांडून ठेवलं होतं. आज नमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या ॲरेवाल्या लायब्ररीत, ट्रान्सपोज क्षणात होतो तो याच कल्पनेवर, दोन स्ट्राइडची अदलाबदल करायची, बास.

फोरट्रानवाल्यांना हे गरजेतनं सापडलं. ॲरे आधीच १०० बाय १०० जाहीर केलेला आणि आजचं मॅट्रिक्स ४० बाय ४० चंच असलं, तर सबरूटीनला कसं कळणार की पुढचा कॉलम १०० घरं पुढं आहे? म्हणून १९७९ च्या लिनपॅक या मॅट्रिक्सच्या गणिताच्या लायब्ररीत मॅट्रिक्सबरोबर एलडीए, म्हणजे लीडिंग डायमेन्शन, वेगळा पाठवायचे. सी मध्ये मात्र बरीच वर्षं फंक्शनला कॉलमची संख्या कंपाइल करतानाच ठाऊक असावी लागायची, सी९९ नं, म्हणजे सी च्या १९९९ च्या स्टँडर्डनं, ती अट सैल केली.

चित्रांच्या दुनियेत तर स्ट्राइड शिकल्याशिवाय सुटकाच नाही. विंडोजच्या बिटमॅपमध्ये प्रत्येक ओळ चारच्या पटीत भरतात, २४ बिटचं १० पिक्सेल रुंद चित्र घेतलं तर ओळ ३० बाइटची पण स्ट्राइड ३२. तिथं ३० धरलं की प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते आणि अख्खी नक्षी तिरकी होते. शिवाय या बिटमॅपच्या बीएमपी फाइलीत ओळी बहुतेकदा खालनं वर असतात, म्हणून स्ट्राइड चक्क मायनसमध्येही येतो.

पायथनमध्ये १९९५ ला जिम ह्युगुनिनचं न्यूमरिक, म्हणजे नमपायच्या आधीची लायब्ररी, आलं, मग ट्रॅव्हिस ऑलिफंटनं २००६ ला नमपाय १.० काढलं, आणि त्याच वर्षी पेप ३११८ (पेप म्हणजे पायथनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव) लिहिलं गेलं, ज्यात बफरबरोबर शेप, स्ट्राइड, फॉरमॅट द्यायची पद्धत ठरली, त्यामुळं एका लायब्ररीची मेमरी दुसरीला कॉपी न करता वाचता यायला लागली. पेपमध्ये सबऑफसेट पण आहेत, ते इलिफवाल्या मांडणीसाठी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये २०१८ ला स्पॅन नावाचा व्ह्यू आला तो एका दिशेचाच, स्पॅन-टूडी नंतर मायक्रोसॉफ्टच्या टूलकिटमधनं आला. सी++ ला एमडीस्पॅन, म्हणजे अनेक दिशांचा व्ह्यू, मिळायला सी++२३ उजाडलं.

एवढं होऊनही मोजमापात एकमत नाहीच. नमपाय स्ट्राइड बाइटमध्ये मोजतं, एलडीए आणि एमडीस्पॅन एलिमेंटमध्ये. कूडाला (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर प्रोग्रॅम चालवायची सोय) पिच म्हणून ओळीची पूर्ण लांबी लागते, म्हणजे आपल्या बुट्टीला १२००, आणि स्पॅन-टूडी ओळ संपल्यापासनं पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर मागतो, म्हणजे ११२०. तेव्हा एकीकडचा कोड दुसरीकडं नेताना आधी हा आकडा तपासा, कारण कंपायलर याबद्दल काहीच बोलत नाही.